सावनीच्या अटी

25 जानेवारी 2022 रोजी आंजर्ल्याच्या पुळणीवर अंडी घालून समुद्राकडे परत निघालेल्या एका कासविणीला थांबवून तिच्या पाठीवर एक छोटं यंत्र चिकटवण्यात आलं. ऑलिव्ह रिडले जातीची ती कासवीण. तिचं नाव ठेवलं सावनी. तिकडे वेळासला अशाच एकीचं बारसं झालं, ती प्रथमा. पुढे गुहागरला आणखी तिघींची भर पडली. वन विभागाचं कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा उद्योग. कासवीण श्वास घ्यायला पाण्यावर आली की पाठीवरचं यंत्र उपग्रहाला कळवणार, बाई अमुक ठिकाणी आहेत.

सावनीला कोणी 'मला मान्य आहे' या चौकोनावर पंजा टेकवायला लावलं नव्हतं, हे खरं. पण तिला मिळालेल्या अटी मी पुन्हा पुन्हा आठवून पाहतो आणि मला तिचा हेवा वाटतो. पाळत कशासाठी? अंडी घातल्यावर कासवं जातात कुठे, हे समजावं म्हणून. पाहणार कोण? ज्यांनी यंत्र लावलं ते. किती दिवस? बॅटरी चालेल तोवर. पुढे ते यंत्र आपोआप गळून जाईल. गुहागरच्या लक्ष्मीचा संपर्क तर थोड्याच आठवड्यांत तुटला. मंडळी हळहळली आणि तेवढ्यावर थांबली. 'आपली सेवा आज रात्री बंद होत आहे, त्वरित खालील लिंक उघडा' असा निरोप लक्ष्मीला कोणी धाडला नाही. पुढच्या वर्षी गुहागरहूनच निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा तिला वाटेत चपलांच्या जाहिराती दिसू लागल्या असंही ऐकिवात नाही.

आता माझ्या खिशातलं यंत्र. ते मला कोणी चिकटवलं नाही. मी दापोलीला जाऊन, रांगेत उभं राहून, हप्त्यांवर विकत आणलं. रोज रात्री मीच त्याला चार्जिंगला लावतो, न जाणो मध्येच बॅटरी संपून माझा ठावठिकाणा कोणाला कळायचा राहिला तर! टॉर्च लावायचा तर टॉर्चच्या अ‍ॅपला माझी संपर्कयादी हवी असते. काळोखात आपण नेमके कोणाला ओळखतो, हे त्याला का पाहायचं असतं, देव जाणे.

कोणी म्हणेल, आंजर्ल्यात राहून खासगीपणाच्या गप्पा कशाला मारता? खरंच आहे. पाखाडी उतरून रस्त्यावर येईपर्यंत तीन ओट्यांवरून चौकशी होते. "काय, कुठे?" "जरा हर्णैला." "हर्णैला? परवाच गेला होतात ना?" संध्याकाळच्या लिलावात आपण सुरमईला हात लावून शेवटी बांगडे घेतले, ही बातमी आपल्या आधी जोग नदीचा पूल ओलांडून घरी पोचलेली असते. कोणाच्या घरी कोणाचं पत्र आलं, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, कोणाची साखर वाढली, सगळं सगळ्यांना ठाऊक. तेव्हा आम्ही काही खासगीपणाचे पुजारी नव्हे.

पण या पाळतीत जो बघतो तोही दिसतो. माझी साखर ज्यांना ठाऊक आहे त्यांचा रक्तदाब मला ठाऊक आहे. ओट्यावरच्या आजोबांनी माझ्या पिशवीत डोकावलं, तर त्यांनी जमिनीच्या दाव्यात काय खोटं सांगितलं होतं हे मी बोलून दाखवू शकतो. बोलत नाही, पण बोलू शकतो हे त्यांना माहीत असतं. शिवाय ही माहिती कामाला येते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे, माड, पोफळी सगळं आडवं झालं. वीज यायला कित्येक आठवडे लागले. मुंबई-पुण्यातल्या मुलांना इकडची खबर मिळेना. उपग्रहांना आमची छपरं उडालेली दिसली असतील. पण कोणाच्या पडवीवर फणस कोसळलाय आणि कोणत्या म्हातारीच्या गोळ्या उद्या संपणार आहेत, हे ओट्यांवरच्या यंत्रणेलाच ठाऊक होतं. गोळ्या पोचल्या त्या तिच्यामुळे.

फोनच्या पलीकडे बसलेल्याचं मात्र मला काहीच दिसत नाही. त्याचं आडनाव नाही, ओटा नाही, जमिनीचा दावा नाही.

त्याच्यापासून स्वतःला वाचवायचं म्हणून पासवर्ड. एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि दर तीन महिन्यांनी बदलायला हवा. ज्यांच्या लिपीत लहान अक्षर आणि मोठं अक्षर हा भेदच नाही, त्यांनी हे निमूट सोसलं. ही शिस्त पसरली ती अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी 2003 साली लिहिलेल्या नियमावलीमुळे. निवृत्तीनंतर, 2017 साली, त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं की यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेनेही विनाकारण पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं. ही बातमी आमच्या बँकेपर्यंत अजून यायची आहे. दरम्यान लोकांनी आपापली वाट काढली: गावाचं नाव, पुढे अ‍ॅट, पुढे एक-दोन-तीन. बदलायची वेळ आली की एक-दोन-तीन-चार.

आगराच्या बेड्याचं जसं असतं तसंच हे. आडवे बांबू गुरांना अडवतात. माणूस दोन बांबू सरकवून आत येतो. फरक एवढाच की आगरात येणारा माणूस निदान "आहे का कोणी?" अशी हाक घालतो.

आमच्या घरचे पासवर्ड कालनिर्णयवर असतात. ऑगस्टच्या पानावर, नारळी पौर्णिमेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाला खेटून. पुण्याचा भाचा हे पाहून कपाळाला हात लावतो. पण ब्रूस श्नायर या सुरक्षेतल्या नामांकित माणसाने 2005 मध्येच सल्ला दिलेला आहे की पासवर्ड चांगला अवघड निवडा आणि कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कागद सांभाळायची आपल्याला सवय असते. कुठल्या तरी दूरदेशीचा चोर माझ्या संगणकात शिरेल, पण माजघरातल्या खिळ्यापर्यंत यायला त्याला दापोलीहून एस.टी.च धरावी लागेल. धोका असतो तो डिसेंबरअखेर. नवं कालनिर्णय येतं आणि जुन्याचे पासवर्ड पुस्तकांना कव्हर होऊन शाळेत जातात.

ओटीपीची कथा वेगळी. आमच्या आगरात माडांच्या सावलीत रेंज धड येत नाही. ती येते वर, कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर. खाली घरात बँकेचं पान उघडं, वर कड्यावर ओटीपी, आणि मधल्या पायऱ्यांवर धापा टाकणारा मी. पूर्वी लोक वर जाऊन देवाला कौल मागत. मी सहा आकडे मागतो, आणि खाली येईपर्यंत त्यांची मुदत संपलेली असते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मी मीच आहे हे पटवायला. हे काम या किनाऱ्यावर पूर्वीपासून अवघडच आहे. हर्णै ओलांडून पुढे गेलं की मुरुड लागतं. तिथून 1875 साली धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी भर पावसाच्या दिवसांत थेट साताऱ्यापर्यंत पायी गेला. सतरा वर्षं पुरी हवी होती, ती झालेली होती. पण समोरच्या साहेबांना हा किरकोळ पोरगा सतराचा वाटेना. नाव, गाव, वय सगळं बरोबर; चेहरा जुळला नाही. पोरगा आला तसा परत गेला. पुढे महर्षी झाला, भारतरत्न झाला, एकशे चार वर्षं जगला. वयाबद्दलची साहेबांची शंका त्याने अशी सव्याज फेडली.

आज साहेबाच्या जागी यंत्र आलंय. जन्मभर सुपाऱ्या सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा उठत नाही. मग हात धू, पुसून घे, तेल लाव, दुसरं बोट लाव. दुकानदार तिला लहानपणापासून ओळखतो, तिच्या लग्नात जेवलाय. पण त्याच्या ओळखीला आता किंमत नाही. निवृत्तिवेतनवाल्यांचा सोहळा नोव्हेंबरात. हयातीचा दाखला 2014 पासून घरबसल्या देता येतो, आता तर फोनसमोर नुसता चेहरा धरून. चांगली सोय आहे, मी नाकारत नाही. पण गडग्याच्या हद्दीवरून सकाळपासून दोन घरांशी भांडून आलेले आमचे काका फोनपुढे बसतात आणि फोन त्यांना म्हणतो, जिवंत असाल तर डोळे मिचकवा. "त्या दोघांना विचार म्हणावं!" काका म्हणतात.

हेच काका फोनवरच्या भामट्यांना पुरून उरतात. मध्यंतरी महाराष्ट्रभर एक संदेश फिरत होता: मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरावर फोन करा. शहरात लोक घाबरून फोन करत आणि खातं रिकामं होई. काकांनी संदेश दोनदा वाचला आणि आत हाक दिली, "अगो, आज साडेनऊपर्यंत वीज राहणार आहे. दळण उरकून घे."

मग डिजिटल अरेस्टची साथ आली. कायद्यात असली अटक कुठेच नाही. 2024 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनाही रेडिओवरून हे सांगावं लागलं. काकांना आलेल्या व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस होता. तुमच्या नावे पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत. काकांनी आपलं हिंदी बाहेर काढलं. "आप कौन गाव का?" तो म्हणाला, मुंबई पोलीस. "वो नोकरी हुआ. मूळ गाव कौनसा? आडनाव क्या? बाप क्या करता था?" समोरच्याने आवाज चढवला. काकांनीही चढवला, कोकणात हद्दीच्या भांडणांवर वाढलेला आवाज तो. घराणं समजल्याशिवाय पुढची बोलणीच होणार नाहीत, असा काकांचा पवित्रा. पाचेक मिनिटांत पोलीसच फरार झाला. भाच्याने काकांना समजावलं की अशा वेळी फोन ठेवून द्यायचा आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवायचं. काकांनी नंबर लिहून घेतला. कुठे लिहिला, ते सांगायला नकोच.

भाचा ज्याला दुहेरी पडताळणी म्हणतो, ती काका बिनयंत्राची करतात. तू मला विचारतोस, मग मीही तुला विचारणार. दिल्लीतही वर्षानुवर्षं भांडण चाललं ते याच्याच आसपासचं. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ऐंशी ओलांडल्यावर आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात माणसाचा उल्लेख सरसकट 'ती' असा आहे. मला वाचताना राहून राहून सावनीच दिसत होती. माहिती कशाला घेता ते सांगा, काम झालं की पुसा: कासविणीला मिळालेलं आम्हालाही आता कागदोपत्री मिळू लागलंय. माहिती सांभाळली नाही तर कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड. आणि खोटी तक्रार केली तर 'ती'लाही दहा हजारांपर्यंत.

याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकाराच्या कायद्यातलं एक कलमही बदललं. व्यक्तिगत माहितीसुद्धा व्यापक जनहितासाठी द्यावी, अशी मुभा त्या कलमातच होती, ती काढून टाकली. मुभा दुसऱ्या एका कलमात शिल्लक आहे म्हणतात. असेलही. पण केंद्राच्या आधी, 2002 मध्येच, ज्या महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तिथल्या माणसाला हे खुपतं. आमच्याकडे बघणाऱ्यांना बंधन घालायचं म्हणून कायदा केला आणि त्यांच्याकडे बघायची आमची खिडकीही अर्धी लोटून घेतली. आमच्या ओट्यावर हा सौदा कोणी मान्य केला नसता.

अर्थात ओटाही अगदी निर्दोष नाही. शेजारच्या वैनी पर्यटकांना घरगुती खोल्या देतात. येणारे पाहुणे दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आधारकार्डाचा फोटो पाठवतात. मे 2022 मध्ये आधारवाल्यांच्याच बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची प्रत कोणालाही देत सुटू नका, शेवटचे चार आकडे दिसणारं झाकलेलं आधार वापरा. दोन दिवसांत ते मागे घेतलं, लोक भलता अर्थ काढतील म्हणून. वैनींपर्यंत पत्रक आलंही नाही आणि गेलंही नाही. त्यांच्या फोनमध्ये गेल्या कित्येक हंगामांतली आधारकार्डं उकडीच्या मोदकांच्या आणि शुभ सकाळच्या फोटोंमध्ये सुखाने नांदत होती, इतकी की फोनने जागा संपली म्हणून मान टाकली.

"वैनी, ही सगळी पुसून टाका बघू," मी म्हटलं. "माणसं गेली, काम संपलं."

"पुसते हो. पण त्यांनी माझं इंटरनेटवर लिहून ठेवलंय, आंटी का खाना अच्छा है, लेकिन बहुत बोलती है. ते पुसतील का?"

मला उत्तर सुचेना. कायद्यातही असेलसं वाटेना. शेवटी आम्ही दोघांनी पडवीत बसून एकेक चेहरा पुसायला घेतला. वैनींना जवळजवळ सगळे आठवत होते: हा रात्री दोनला चहा मागायचा, हिने माझी कोकमाची पाककृती लिहून नेली, हे जोडपं भांडत आलं आणि हसत गेलं. एका दाढीवाल्या तरुणाशी येऊन मात्र त्यांनी माझा हात धरला.

"हा राहू दे."

"का?"

"चार सोलकढ्यांचे पैसे द्यायचा राहिलाय. गूगल पे चालेना, म्हणाला घरी जाऊन पाठवतो. पाठवले की पुसू."