संदर्भकाका

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं म्हणत आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या निवांत जगत आलंय. अशा गावात काहीच 'बनी तो बनी'वर न सोडणारा एखादा माणूस निपजतो आणि तो नेमका वाचनालयात जाऊन बसतो. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलंय संदर्भकाका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही. सकाळी कुलूप निघायच्या आधीच काका पायरीवर हजर असतात, कारण पंख्याखालची खुर्ची एकच आहे.

पेपर ते मागून वाचतात. आधी जाहीर नोटिसा, मग लिलाव, मग मोंढ्यातले भाव. पहिल्या पानाची पाळी दुपारी येते. "तिथं आपल्या पैशाचं काही नसतं," हे त्यांचं मत. वसमत रोडला प्लॉट घेऊन एक गृहस्थ पेढे वाटायला आले, तर पेढा तोंडात टाकता टाकता काकांनी विचारलं, "तीस वर्षांचा शोध काढला का? फेरफार बघितले?" उरलेले पेढे गृहस्थ तसेच घरी घेऊन गेले.

कूलरची कथा मात्र नव्या सभासदाला ऐकावीच लागते. मे महिन्यात परभणीत पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो. म्हणून काकूंनी फेब्रुवारीतच कूलर मागितला. काका म्हणाले, "बघतो," आणि खरोखरच बघायला लागले. विश्वकोशात बाष्पीभवन वाचलं. ग्राहक चळवळीच्या मासिकांचे जुने अंक काढले. वहीत मांडलं: 200 वॅट, 10 तास, म्हणजे रोजचे 2 युनिट. मग टाकीला पाणी किती लागेल. मग ताट्या वाळ्याच्या की गवताच्या. मार्च गेला, एप्रिल गेला. मे लागताच काकू माहेरी सेलूला निघून गेल्या आणि काका वाचनालयाच्या पंख्याखाली हिशोब करत राहिले. कूलर आला ऑगस्टात, दुकानदार तो गोदामात ठेवून वैतागल्यावर. पैसे किती वाचले ते काका सांगतात. उन्हाळा कसा गेला ते काकू सांगतात.

लोक त्यांना चिकट म्हणतात, ते मला पटत नाही. चिकट माणूस घासाघीस करतो. काका कधीच करत नाहीत. दुकानाची पायरी चढण्याआधी भाव, हमी आणि दुकानदाराची नड, सगळं त्यांना ठाऊक झालेलं असतं. मोंढ्यात वर्षाची ज्वारी भरायला गेले की ते 'चांगली द्या' म्हणत नाहीत, 'परभणी मोती आहे का?' विचारतात. हे आपल्याच कृषी विद्यापीठाचं वाण. 1972 साली निघालेल्या या विद्यापीठाचं 'शेतीभाती' मासिक काका नेमाने वाचतात, नावावर गुंठाभर जमीन नसताना.

पण त्यांचं खरं तेज दिसतं ते ठेवींत. एकदा चहाच्या टपरीवर एका पतसंस्थेच्या एजंटाने त्यांना गाठलं.

"काका, 12 टक्के! सहा वर्षांत डबल!"

"72 भागिले 12, सहा. गणित बरोबर आहे तुमचं."

एजंट खुलला.

"आता हे सांगा, ठेवीला विमा कोणाचा?"

"काका, चेअरमन आपलेच हायेत की!"

काकांनी वही उघडली. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत देतं. 1993 पासून ही मर्यादा 1 लाख होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 झाली. सहकारी बँकांनाही हे कवच आहे. पतसंस्थांना नाही. "चेअरमन आपले असतील हो, महामंडळ तुमचं नाही," काका म्हणाले. एजंटाने मुकाट दोन्ही चहांचे पैसे दिले. हाही काकांचा फायदाच.

त्यांच्या स्वतःच्या ठेवी कुठल्याच बँकेत साडेचार लाखांच्या वर जात नाहीत, वरची जागा व्याजासाठी राखीव. अल्पबचतीचे दर दर तिमाहीला जाहीर होतात, त्या दिवशी काकांचं जेवणात लक्ष नसतं. एप्रिल 2023 मध्ये किसान विकास पत्राची मुदत 120 महिन्यांवरून 115 वर आली, तेव्हा त्यांनी पोरांना चक्क चहा पाजला. अर्धा अर्धा.

पुढे मराठवाड्यात मल्टिस्टेट पतसंस्थांच्या बंद दारांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. तेव्हा काल-परवापर्यंत हसणारे चौघंजण गुपचूप काकांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दाने न म्हणता काकांनी ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा मागवला आणि पहिल्या कलमापासून वाचायला घेतला. अर्ज कुठं करायचा हे त्या चौघांना पंधरा दिवसांनी कळलं.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. आमच्या ग्रंथपालांनी हा नियम काकांपुरता रद्द केला आहे. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी मिळत नाही म्हणून हा वाचक घरच वाचनालयात घेऊन आलाय. डबा इथं, चष्म्याची जुनी डबी इथं, काकूंनी पाठवलेली किराण्याची यादीही इथंच.

आता प्रश्न उरलाय आजीव सभासदत्वाचा. एकरकमी वर्गणी भरावी की वर्षाला भरत राहावं? त्यासाठी काकांना आधी स्वतःचं उरलेलं आयुष्य काढावं लागतं, म्हणून त्यांनी आयुर्विम्याचे मृत्युमानाचे तक्ते मागवले. हिशोब पुरा होत आला की वर्गणी वाढते, आणि काका पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतात. ग्रंथपाल म्हणतात, "एवढ्या एका हिशोबापायी हा माणूस शंभरी गाठणार बगा." काकांनी तीही शक्यता वहीत टिपून घेतली आहे, तसं झालं तर एकरकमीच परवडतं.