भाषेचं कारण सांगू नका

‘आपल्याकडे रॉक आहेच कुठे?’ असं विचारणाऱ्याच्या अंगात बहुतेक वेळा पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट असतो. त्याला ‘अवियल’ या बँडचं नाव सांगावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मल्याळम? त्यातलं आपल्याला काय कळणार?’

मग सिॲटलमधून गाजलेल्या ‘निर्वाणा’ या बँडच्या गाण्यांतलं काय कळत होतं? त्यांच्या गायकाचे, कर्ट कोबेनचे, निम्मे शब्द इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही धड ऐकू यायचे नाहीत. तरी कॉलेजच्या कट्ट्यावर ती गाणी आपण बेंबीच्या देठापासून ओरडलोच. शब्द चुकले, जोश अस्सल होता. सिॲटलला दिलेली ही सवलत केरळला द्यायला आपल्याला एवढं जड का जातं?

अवियलचा त्याच नावाचा अल्बम २००८ सालचा. त्यातलं ‘आडु पांबे’ ऐका. शब्द केरळचे समाजसुधारक श्रीनारायण गुरूंचे आहेत. त्याच गुरूंचे, ज्यांनी १८८८ मध्ये अरुविप्पुरमला स्वतःच्या हाताने शिवलिंगाची प्रतिष्ठापना केली आणि प्रतिष्ठापनेचा हक्क फक्त आम्हा ब्राह्मणांचाच, असं म्हणणाऱ्यांना कायमचं निरुत्तर केलं. कुंडलिनीला साप समजून नाचायला सांगणारं त्यांचं पद अवियलच्या रेक्स विजयनच्या गिटारवर चढतं, तेव्हा भक्ती कुठे संपली आणि रॉक कुठे सुरू झाला, ते शोधत बसायची गरज उरत नाही. केरळात गुरूंचे शब्द असे वाजतात. आपल्याकडे मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड ड्रम्स आणि बेसवर तुकोबा गातो, तर नाकं मुरडणारे लगेच हजर. तुकोबांचे शब्द इंद्रायणीत टिकले म्हणतात. ते ड्रम्सच्या आवाजाने बुडतील?

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचं नाव तरी बहुतेकांना ठाऊक असतं. पण ‘ब्लॅक फ्रायडे’मधल्या ‘बंदे’च्या पुढे कितीजण गेले? २००० सालचा ‘कंदिसा’ घ्या. त्यातलं शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना. सुस्मित सेनची गिटार सतारीच्या अंगाने जाते. असीम चक्रवर्ती तर एकाच वेळी तबला वाजवत गायचे. आवाज आणि हात एकाच श्वासावर चालतात, हे कानांना स्पष्ट कळतं. असीमदा २००९च्या डिसेंबरमध्ये गेले. त्यांना समोर बसून ऐकलेल्यांचा मला आजही हेवा वाटतो.

याच अल्बममधलं ‘मा रेवा’ मराठी माणसाने जरा जास्त कान देऊन ऐकावं. हे नर्मदाखोऱ्यातलं लोकगीत. बँडमध्ये बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला माणूस. पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर अमेरिकेत पीएच.डी. करून आलेला. ही नदी आपल्या नंदुरबारच्या सीमेवरूनही वाहते. मणिबेलीसारखी आपली गावं तिच्यावरच्या धरणात गेली. दिल्लीच्या एका बँडने त्या खोऱ्याचं गाणं देशभर पोचवलं. पुण्या-मुंबईच्या किती मंचांवर ते खोरं आलं?

बंगालीचं म्हणाल, तर तुम्ही ती ऐकून बसला आहात. ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ आठवतं? ती चाल कोलकात्याच्या ‘मोहिनेर घोडागुली’च्या ‘पृथिबीटा नाकि’ची आहे. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी सत्तरच्या दशकात बाऊल आणि रॉक एकत्र वाजवायला घेतलं, तेव्हा त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. बँड मोडला. १९९५च्या अल्बमने नवी पिढी त्यांच्याकडे वळली आणि चारच वर्षांत गौतमदा गेले. २००६ साली हिंदी सिनेमातून ती चाल घराघरांत वाजली, तेव्हा ते ऐकायला नव्हते. चांगल्या वादकाला वेळेवर ऐकायचं असतं, ते यासाठी.

आणि आपण? बँड आणि मंच यांच्या बाबतीत महाराष्ट्र कधी मागे नव्हता. ‘रॉक मशीन’ हा बँड मुंबईचा, १९८४चा. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात गाजला. पुढे शेजारच्या रुग्णालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि त्या खुल्या रंगमंचावरचं संगीत थांबलं. रुग्णांना शांतता हवीच; पण त्या बदल्यात पोरांना तसाच स्वस्त, मध्यवर्ती मंच द्यायला हवा होता, तो कुणी दिला नाही. २०१० पासून पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव भरू लागला. गर्दी आपली, मैदान आपलं, आणि मंचावर मराठी शोधायला दुर्बीण लागायची.

शब्दांची वानवा आहे, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ साली आला. रॉकला लागतो तो सगळा संताप, तो ठोका, ती शिवी त्या पुस्तकात तयार आहे. आणि खरा गोलपिठा, मुंबईतली ती वस्ती, रंगभवनपासून फार लांबही नाही. ढसाळांच्या वारसांची रीतसर परवानगी घेऊन, दोन गिटार आणि एक ड्रमर घेऊन कुणीतरी त्या रस्त्याने जावं, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. त्या कार्यक्रमाचं तिकीट मी पूर्ण पैसे मोजून काढीन. ‘गेस्ट लिस्टमध्ये नाव टाक ना’ असा मेसेज करणाऱ्यांनी घरीच थांबावं. ड्रमरला त्या रात्रीचं मानधन मिळायला हवं.