आडव्या गजांबद्दल आभार

रा. रा. बिल्डरसाहेब यांसी,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपण कुशल असालच. इकडे आम्हीही आपल्या कृपेने अजून धडधाकट आहोत. आमची कन्या सव्वा वर्षाची झाली, चालायला लागली, आणि तिच्यामागे गुडघ्यांवर धावताना आपण बांधलेलं घर मला पहिल्यांदाच नीट दिसलं. तोवर मी ते पाच फुटांवरून बघत होते. दोन फुटांवरून बघितलं आणि आपल्या कल्पकतेला दाद दिल्यावाचून राहवेना. पत्र खासगीतच धाडणार होते. पण आपल्या ऑफिसात पत्रं पोचतात, पोच मात्र मिळत नाही, असा सगळ्या सोसायटीचा अनुभव आहे. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. राग नसावा.

सर्वप्रथम आपल्या माहितीपत्रकाचे आभार. ते आम्ही अजून जपून ठेवलं आहे. त्यात ‘बालस्नेही जीवनशैली’ असं एक अख्खं पान आहे: हिरवळ, घसरगुंडी, दोन झोके आणि लाल फुगा धरलेली एक गोरीपान मुलगी. ती मुलगी कोण, कुठली, हे आम्हाला कळलं नाही, पण इथली नक्कीच नाही. इथल्या मुलीला हातातला फुगा सोडून कठड्याला लटकावं लागतं.

सॅम्पल फ्लॅटही आठवतो. त्यात एकाही खोलीला दार नव्हतं. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून आपण दारं काढली आहेत, असं आमच्या शेजाऱ्यांना उगाच वाटत होतं. मला आता खरं कारण उमगलं. दार नाही तर बोट चेंगरत नाही. आपला तो सॅम्पल फ्लॅट खरोखरच बालस्नेही होता. आम्हालाच तो न घेता दारांचा फ्लॅट घ्यावा लागला.

आता बाल्कनी. सातव्या मजल्यावरच्या या जागेला आपण ‘स्काय डेक’ असं गोड नाव दिलंत आणि कठड्याला स्टीलचे चकचकीत आडवे गज बसवलेत. एकावर एक, पायाला पाय लागेल अशा बेताने. शिडी चढायला मुलांना एरवी बागेत न्यावं लागतं, आपण ती सोय घरातच करून दिलीत. परवा कन्येने उजवा पाय खालच्या गजावर ठेवला, दोन्ही हातांनी वरचा गज धरला, डावा पाय ओढून घेतला, आणखी एक पायरी चढली, आणि कठड्यावर हनुवटी टेकवून खाली पार्किंगमधल्या कुत्र्याला ‘यू यू’ करून हाक मारली. तिच्या झबल्याचा मागचा भाग माझ्या मुठीत होता. त्या क्षणी मला आपली आठवण झाली. अगदी पोटातून झाली.

इंग्लंडातले लोक भलतेच शंकेखोर. पाच वर्षांखालची मुलं जिथे वावरू शकतात, अशा इमारतींच्या कठड्यातून 100 मिलिमीटरचा गोळा आरपार जाता कामा नये, असं त्यांच्या बांधकाम नियमांत सांगितलं आहे. शिवाय तो कठडा मुलांना सहज चढता येईल असा नसावा, हेही वर लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत घरांसाठी चार इंची गोळ्याचा हिशेब. आपण असल्या संकुचित वृत्तीचे नाही. आपल्या दोन गजांमधून नारळ शेंडीसकट जातो. (हातात धरून बाहेर नेला आणि तसाच आत आणला. खालच्या गाड्यांची काळजी नसावी.)

मी एका फॅब्रिकेटरला घरी बोलावलं. त्याने चहा घेतला, गज हलवून पाहिले आणि म्हणाला, “ताई, माल तेवढाच लागतो. उभे लावले तर तुकडे जास्त, जोड जास्त, म्हणून वेल्डिंगची मजुरी वाढते. आडव्याला काम पटकन उरकतं. आणि लूक येतो.” एवढ्याचसाठी होय? मला उगाच वाटत होतं, काही मोठं तांत्रिक कारण असेल. लूकचा मान राखायलाच हवा. आमच्या इमारतीकडे हायवेवरून पाहणाऱ्याला ती फार सुंदर दिसते, आणि त्या हायवेवरच्या माणसाच्या मुलांना तिच्यापासून काही धोका नाही.

हे गज झाकावेत म्हटलं, तर करारनाम्यात आपण प्रेमाने घातलेलं कलम आडवं आलं: इमारतीच्या दर्शनी भागात बदल करता येणार नाही. बाहेरून ग्रिल लावायची नाही. आतून ती अदृश्य जाळी चालते म्हणे, बारीक स्टीलच्या तारांची, चौरस फुटाच्या भावाने. तारा दिसत नाहीत, कोटेशन मात्र लांबूनही स्पष्ट दिसतं. आमच्या हप्त्याचा आकडा आपल्याला पाठ असेलच. तो भरून हातात जे उरतं त्यात अदृश्य म्हणण्यासारखं आधीच पुष्कळ आहे.

मग कबुतरांच्या जाळीवाल्याला विचारलं. त्याचा दर परवडणारा. त्याने दोरी ताणून दाखवली, रंग दाखवले. मी विचारलं, “मूल रेललं तर धरेल का हो?” तो प्रामाणिक निघाला. “कबुतर आत येणार नाही याची गॅरंटी, ताई. पोराची नाही. उन्हात दोरा कुजतो.” तर साहेब, आपल्या स्काय डेकवर कबुतराची आत येण्याची वाट बंद करायला परवडते, मुलीची बाहेर जाण्याची वाट बंद करायला परवडत नाही.

तूर्तास काय केलं, ते कळवते. बाल्कनीतल्या कुंड्या, मोडा, चपलांचं स्टँड, ज्यावर चढून कठडा ठेंगणा होईल असं सगळं आत आणलं. बाल्कनीच्या दाराला अगदी वर, माझाही हात जेमतेम पोचेल तिथे, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा टॉवर बोल्ट ठोकला. शंभराच्या आत काम झालं. म्हणजे ज्या स्काय डेकचे पैसे आम्ही वीस वर्षं फेडणार आहोत, तो बंद ठेवायला शंभर रुपयेही लागले नाहीत. याबद्दल आपले आभार मानावेत की हार्डवेअरवाल्याचे, ते ठरत नाही.

खोल्यांच्या दारांना आपण आतून जो बोल्ट दिला आहे, तो तर बरोबर कन्येच्या नाकासमोर. सरकतोही किती हलका! गॅसवर दूध ठेवून मी वळते तोच तिने बेडरूमचं दार लोटलं आणि आतून बोल्ट सरकवला. ती आतून “आई”, मी बाहेरून “आई गं”. दूध उतू गेलं, शेजारच्या काकू आल्या, वॉचमन आला, आणि दाराखालच्या फटीतून काकूंनी चमचा वाजवत तिला खाली बसवून ठेवलं, तोवर सुताराने बिजागरीकडून दार सोडवलं. त्याच सुताराने मग सगळे बोल्ट काढून दाराच्या डोक्यावर बसवले, जुने स्क्रू वापरून, चहाच्या बदल्यात. दार आपटू नये म्हणून माझ्या सासूबाईंनी प्रत्येक दारावर जुना टॉवेल टाकला आहे. आपल्या त्या ‘क्रॉस व्हेंटिलेशन’चा झोत दुपारी सुटला की टॉवेल नसलेलं दार काय वेगाने मिटतं, ते बघायला एकदा या. बोटं मात्र खिशात ठेवा.

पाण्याबद्दल तर किती आभार मानू? चोवीस तास पाणी, हे आपलं वचन. ते टँकरवर आहे आणि टँकर स्वतःच्या मर्जीवर. त्यामुळे बाथरूममध्ये पिंप आणि दोन बादल्या सदैव भरलेल्या. लहान मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकतं, कारण डोकं जड असतं आणि बादलीत तोल गेला की त्याला परत उठता येत नाही. नळाला पाणी असतं तर बादली रिकामी करून पालथी घातली असती, एका पैशाच्या खर्चाशिवाय. आता झाकणाचं पिंप घ्यावं लागलं, झाकणाला परकराची नाडी आवळावी लागली, आणि बाथरूमलाही बाहेरून वर कडी. पाहुणे आत असताना ती चुकून लागते, तेव्हा आपलं नाव घरात मोठ्याने घेतलं जातं.

विजेचं थोडक्यात. रांगत्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आपण प्लग पॉइंट दिलेत, तेही आतून झडप नसलेले. ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या आपल्या गोल भोकांत बसेनात. एक कशीबशी बसली, ती उपटून थेट तोंडात गेली. शेवटी इलेक्ट्रिशियनकडून झडपवाले सॉकेट बसवून घेतले. जाता जाता त्याने डीबी उघडून दाखवला. माणसाला शॉकपासून वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. आपण बसवला होता 100 चा. “हा वायरिंगची आग वाचवायला ठीक,” तो म्हणाला. आम्ही धन्य झालो. निदान वायरिंग तरी सुरक्षित होतं. ओट्याच्या ग्रॅनाइटच्या धारदार कोपऱ्याला मात्र फुकटात तोड निघाली: एसीवाल्याने टाकून दिलेल्या काळ्या फोमच्या नळीचा तुकडा, उभा चिरून चिकटवलेला. दिसतो भयंकर. आपल्या लूकची क्षमा मागते.

हे सगळं दुरुस्त करून द्याल का, असं मी आपल्या ऑफिसात नम्रपणे विचारलं होतं. 2016 च्या रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा, असं आहे. आपल्या साइट इंजिनिअरांनी इतक्या गोडीने उत्तर दिलं: “मॅडम, हा दोष नाही, डिझाइन आहे.” म्हणजे चुकून झालं असतं तर दुरुस्त झालं असतं. विचारपूर्वक केलं आहे, म्हणून राहणार.

आणि आपण विचार करता, याची खात्री मला त्या फॅब्रिकेटरनेच दिली. आपल्या बंगल्याच्या गच्चीचं काम त्याच्याच हातचं. तिथे गज उभे आहेत म्हणे. इतके जवळ जवळ की त्याने टेप लावून मोजून घेतले, आणि जिन्यालाही तसेच. “साहेब स्वतः उभं राहून बघत होते. नातू आहे ना त्यांना.” ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे गज उभे असतात, हे आपल्याला माहीत आहे. आम्ही उगाच काळजीत होतो की कुणी आपल्याला सांगितलं नसेल.

त्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स गेल्या महिन्यात आमच्या गेटसमोर लागला होता. दहा बाय सहाचा. डोक्यावर सोनेरी मुकुट, बाजूला आपण हात जोडून, खाली शुभेच्छुकांची रांग. कार्यक्रम झाला, फ्लेक्स उतरला आणि कचऱ्याच्या ढिगाशेजारी पडला. जाडजूड, दुहेरी शिवणीचा, कडांना भोकं पाडलेला. मी घरी आणला, धुतला आणि बाल्कनीच्या आतल्या बाजूने वरपासून खालपर्यंत ताणून केबल टायने प्रत्येक गजाला आवळला. पाय ठेवायला आता पूर्वीसारखी जागा मिळत नाही. अर्थात एवढ्यावर विसंबून बाल्कनीचा बोल्ट काढण्याइतकी मी भोळी नाही. फॅब्रिकेटरला उभ्या गजांची आगाऊ रक्कम दिली आहे आणि सोसायटीच्या कमिटीपुढे अर्जही. चित्र आतल्या बाजूला ठेवलं आहे, त्यामुळे दर्शनी भागाचं आपलं कलम अबाधित आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
सातव्या मजल्यावरची एक सदनिकाधारक

ता. क. : फ्लेक्स आपल्या मालकीचा असल्यास जरूर कळवावे. उभे गज बसवून मिळताच सन्मानपूर्वक परत करण्यात येईल. आपला फोटो मात्र जरा खराब झाला आहे, कन्या रोज त्यावर वरणभाताचे हात पुसते.