बलवर्धन व्रत: विधी आणि शंकासमाधान

हे व्रत १ जानेवारीला घ्यावे. जमले नाही तर पुढच्या कोणत्याही सोमवारी. मंगळवारी सुरू केल्यास फळ मिळत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. जिमची फी वर्षाची एकदम भरावी. सवलत मिळते, शिवाय फेब्रुवारीपासून न जाण्याला जरा वजन येते.

पहिल्या दिवशी साधकाने ट्रेनरला विचारावे, "सर, पोट किती दिवसांत जाईल?" सर विचारतील, "खाण्यात काय असतं?" यावर "घरचंच" एवढेच सांगावे. घरच्यात फरसाण, शेजारच्या बारशाचे पेढे आणि रात्री अकराचा चिवडा येतो, हे सरांनी ओळखून घ्यायचे असते. मग सर सांगतात, पोटाच्या व्यायामाने चरबीखालचा स्नायू बळकट होतो; चरबी मात्र शरीर आपल्या मर्जीने, सगळीकडून थोडी थोडी उतरवते. हे उत्तर गैरसोयीचे असल्याने साधकाने दुसरा ट्रेनर गाठावा.

आता वजन उचलणे. ऑलिंपिक मापाची नुसती दांडी २० किलोची असते. नवशिक्याने तिच्याहून हलक्यापासूनही सुरुवात करावी, असे जाणकार म्हणतात. पण रिकामी दांडी आरशात शोभत नाही. म्हणून शेजारच्याच्या प्लेटा मोजून तेवढ्याच लावाव्यात. खरी पद्धत फारच कंटाळवाणी आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, बैठक मारणे, जमिनीवरून उचलणे, ढकलणे, ओढणे असे चार-पाच प्रकार, हिशोबाला एक वही, आणि सगळे सेट नीट झाले की पुढच्या वेळी थोडे वजन जास्त. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था ते काम शिकते म्हणून. स्नायू डोळ्यांना दिसतील इतके वाढायला महिने जातात. वहीतला आकडा चढतो, आरसा जागचा हलत नाही. नेमक्या याच टप्प्यावर साधकाने प्रोग्रॅम बदलावा.

"वजन उचलून मी पुरुषी दिसेन," ही शंका असलेल्या साधिकेने मीराबाई चानूकडे पाहणे टाळावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने ११५ किलो डोक्यावर नेले, रौप्यपदक घेतले आणि तरी ती ४९ किलोच्या गटातच मावली.

आहाराचा अध्याय मोठा आहे. सर्वसाधारण माणसाला दिवसाला, शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात आहे. नियमित वजन उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतात. ६० किलोच्या साधकाला म्हणजे शंभराच्या जरा आत. आता ताट पाहावे. दोन पोळ्यांचे सहाएक ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणाचेही जवळपास तेवढेच. आमटी असेल तर आत डाळ आहे का, हे आधी पळीने चाचपावे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यातून जवळजवळ नुसते पिष्ट मिळते. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटातली, आणि तो "पित्त होतं" म्हणून कमी घातलेला असतो. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तेवढ्याच कोरड्या सोयाबीन वड्यांत पन्नासच्या वर. वड्या स्वस्त आहेत आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात. यामुळेच त्यांना जिममध्ये प्रतिष्ठा नाही.

प्रतिष्ठा डब्याला. प्रोटीनचा डबा फ्रिजवर, पाहुण्यांना दिसेल असा ठेवावा. नव्या डब्यात चमचा हमखास तळाशी गाडलेला असतो. तो काढताना कोपरापर्यंत पांढरा झालेला हात हीच व्रताची पहिली खूण. एका चमच्यात साधारण चार अंड्यांएवढी प्रथिने निघतात. अंड्यांचा फोटो मात्र कोणी टाकत नाही.

परंपरेचा अभिमान असणाऱ्यांनी कोल्हापूरच्या तालमीकडे वळावे, पण जपून. तिथे पहाटे जोर-बैठका, मग हौद्यातली लढत, आणि त्यानंतर दूध, तूप, बदामाची थंडाई. साधकाने खुराक तेवढा उचलावा, मेहनत पैलवानाकडेच राहू द्यावी. वस्तादाला शंका विचारू नयेत. तो उत्तरादाखल आणखी शंभर बैठका सांगतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासाच्या पैशांसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते. हल्ली एवढी वेळ येत नाही, डबा हप्त्यांवर मिळतो.

झोपेबद्दल शास्त्रात बरेच सांगितले आहे. ते रात्री दीड वाजता मोबाइलवर वाचावे.

व्रताचे उद्यापन होळीच्या सुमारास होते. तोवर घरी डंबेल आलेलेच असतात. ते घेताना सम संख्येत घ्यावेत, कारण गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातल्या की कापडाच्या चारही कोपऱ्यांवर वजन लागते. दोन्ही हातांत पाच-पाच किलो धरून साधकाची आई तीन मजले चढते, खाली उतरते आणि उरलेली जोडी नेते. जिममध्ये याला फार्मर्स वॉक म्हणतात आणि ट्रेनर त्याचे वेगळे पैसे लावतो.