स्वस्त, मापाची आणि अठराव्या शतकातली

‘परवडणारी हवी, पण खास माझ्या मापाची’ असं म्हणणारा माणूस एक तर भाबडा असतो, नाही तर नुकताच निवृत्त झालेला. पेनसिल्व्हेनियातले आमचे शेजारी दोन्ही आहेत. त्यांना चकमकीची रायफल घ्यायची आहे. तिने जानेवारीत हरीण मारायचं, ऑक्टोबरात फोर्ट लिगोनिअरच्या उत्सवात इतिहासाची लाज राखायची, आणि हे सगळं घरून मंजूर झालेल्या रकमेत.

आजच्या काळात चकमकीची बंदूक कोण घेतं, असं वाटेल. इथे घेतात. या राज्यात १९७४ पासून हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम असतो. तो नाताळानंतर सुरू होतो आणि त्यात फक्त चकमकीची, तोंडाकडून ठासायची बंदूक चालते. ती १८०० पूर्वीच्या बंदुकीच्या धर्तीची हवी, असं नियमातच आहे. सरकारने नागरिकांना लेखी नियम करून दोनशे वर्षं मागे नेल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. एरवी ते काम नियमाशिवाय होतं.

शिवाय ही बंदूक याच मातीतली. लँकेस्टर, बर्क्स, लीहाय या भागांत जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी अठराव्या शतकात आपली आखूड, जाडजूड शिकारी बंदूक हळूहळू लांब आणि सडपातळ केली. मेपलच्या लहरदार लाकडाचा दस्ता आणि साडेतीन फुटांची आठ पैलूंची नळी. नाव मात्र झालं केंटकीचं! घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

कारागिराकडे गेलं की तो आधी शिंप्यासारखं माप घेतो. चापापासून खांद्यापर्यंत दस्ता किती लांब, गालाखाली किती उतार, हे सगळं तो लिहून घेतो. आमचे शेजारी डावरे. या बंदुकीची कळ सहसा उजव्या अंगाला असते, त्यामुळे डाव्या खांद्यावरून बार काढला की भडका थेट नाकासमोर. म्हणजे बंदूक मापाने करून घेणं हा त्यांचा थाट नाही, भुवयांचा प्रश्न आहे. डाव्या अंगाची कळ मिळते, पण निवड थोडी. नावाजलेल्या कारागिराकडे रांग काही वर्षांची, आणि दर असे की ऐकून शेजारी नुसतेच ‘लाकूड छान आहे’ म्हणाले.

कळ म्हणजे या बंदुकीचा जीव. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळून गारेचा तुकडा आवळतात. चाप ओढला की गार पोलादाच्या उभ्या पट्टीवर घासत खाली येते, पट्टी पुढे उलटते, तिच्याखालची रंजकदाणी उघडी पडते आणि ठिणग्या तिच्यात सांडतात. ठिणग्या दिसतात गारेच्या, पण असतो तो गारेने पट्टीवरून खरवडलेला पोलादाचा तापलेला किस. रंजक, म्हणजे दाणीतली दारू, पेटते, जाळ कानातून (नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून) नळीत शिरतो, आतली दारू धडाडते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं म्हणतात. पण चेहऱ्यापुढे जाळ झाल्यावर पापणी लवतेच, आणि पापणी लवली की नेम गेला. दमट हवेत रंजकेचा राखाडी चिखल होतो आणि बार फुसका जातो. हरीण तोवर शेपटीचा पांढरा झेंडा दाखवून पसार होतं.

म्हणून माझं मत (ते कुणी विचारलेलं नाही) असं की पैसे कळीत आणि नळीत घालावेत. दस्त्यावरचं कोरीवकाम, चांदीचा तारा, पितळेची नक्षी, हे बोनस मिळाल्यावर. हरणाला कलेची जाण नसते.

पण ऑक्टोबरातल्या मंडळींना असते. फोर्ट लिगोनिअरवर १२ ऑक्टोबर १७५८ रोजी फ्रेंचांनी आणि त्यांच्या बाजूच्या मूळ रहिवाशांनी हल्ला केला होता. त्याच्या आठवणीत दर ऑक्टोबरात गावात उत्सव भरतो. प्रेक्षक खात-पीत हिंडतात, त्या काळाचा वेश करून छावणीत उतरलेली माणसं मात्र सोवळ्यातली. तुमच्या कोटाची काजं मशीनवर शिवलेली आहेत हे त्यांना लांबूनच कळतं. दस्त्यातल्या कप्प्याला बिजागरीचं पितळी झाकण दिसलं की ती हळूच विचारतात, ‘ही जरा नंतरच्या काळातली वाटते, नाही?’ आपल्याकडे लग्नात ‘पैठणी खरी का हो?’ असं विचारतात, त्याच गोड आवाजात.

गंमत अशी की उत्सवातल्या लुटुपुटीच्या लढाईत गोळी घालायचीच नसते. नुसती दारू घालून बार काढायचा. ठासायचा गजही बहुतेक ठिकाणी बाहेर काढू देत नाहीत, कारण घाईत तो नळीतच राहिला तर शत्रूपक्षातल्या एखाद्या दंतवैद्याच्या अंगात शिरेल. म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या ज्या पिळासाठी एवढे डॉलर मोजले, त्याला तिथे काडीचं काम नाही. तिथे सगळ्यांच्या बंदुका सारखाच धूर काढतात.

स्वस्त चकमकीच्या बंदुकीची गोष्ट निघाली की मला आग्रा आठवतं. महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने कवायती फौज उभी केली, तेव्हा सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाने तिथे तोफा ओतल्या आणि बंदुकाही बनवल्या. बंदूक दहा रुपयांत पडे, अशी नोंद आहे. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तर त्यांनी डोळे चमकवून विचारलं, ‘डाव्या हाताची?’ कोकणात अजूनही राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. तिथे रानडुकरांनी भात तुडवू नये एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. त्या कुठल्या शतकातल्या दिसतात याची पंचाईत कुणी करत नाही.

शेजाऱ्यांसाठी मी एक तोड काढली होती. पेनसिल्व्हेनियातल्या गरीब शेतकऱ्यांची एक साधी बंदूक असे, तिला इथे ‘बार्न गन’ म्हणतात. नक्षी नाही, पितळ नाही, कित्येकदा दस्त्याच्या बुडाला लोखंडी पट्टीसुद्धा नाही. गोठ्याच्या दाराशी टांगलेली असायची. स्वस्त, हलकी, अस्सल. शेजारी खूष झाले आणि छावणीतल्या एका जाणकाराला विचारून आले. या साध्या बंदुका बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या निघाल्या. १७५८ च्या किल्ल्यात गरिबीसुद्धा त्याच सालची लागते.

शेवटी त्यांनी सुट्या भागांचा संच मागवला, डाव्या कळीचा. केंद्रीय कायदा १९६८ पासून अशा प्रतिकृतीला आधुनिक बंदुकीत धरत नाही, त्यामुळे कुरिअरवाला खोकं पायरीवर ठेवून निघून गेला. पुढचे शनिवार-रविवार गॅरेजमधून कानशीचा आवाज येत राहिला. एकदा त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. पांढुरक्या दस्त्यावर त्यांनी नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवलेलं पाणी फडक्याने फिरवलं होतं, आणि लाकूड आजारी माणसासारखं हिरवट-पिवळं पडलं होतं. मग त्यांनी गरम हवेची बंदूक धरली. (तीही एक बंदूकच.) झोत जिथून जाई तिथे हिरवट जाऊन तांबूस-तपकिरी रंग चढे आणि लाकडातल्या वाघासारख्या पट्ट्या एकामागून एक वर येत. दाराशी पत्नी उभ्या होत्या. त्यांनाही ते आवडलं, हे त्यांनी लपवलं नाही.

लपवला नाही तो हिशेबही. बंदुकीपाठोपाठ दारूचं शिंग आलं, चामड्याची झोळी आली, मोकॅसिन आले, तंबूची चौकशी सुरू झाली. शिवाय बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवावी लागते, आणि त्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. ते काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये होणार नाही, हे आधीच ठरलंय. हरणाचं मटण पौंडाला कितीला पडेल, असं पत्नींनी विचारलं तेव्हा शेजाऱ्यांनी कागदावर दोन रकाने पाडले. ‘मटण’ या रकान्यात गोळ्या आणि दारू. बाकी सगळं ‘इतिहास’ या रकान्यात. पत्नींनी इतिहासाची बेरीज मागितली आहे.