अंड्यांचं स्थळ

परसात कोंबड्या पाळायच्यात, असं अमडापुरात नुसतं बोलून दाखवावं. चिखलीची एसटी गावाबाहेर पडायच्या आत सल्लागार दारात हजर. सोयाबीनच्या भावावर गावात फार तर दोन मतं पडतील, कोंबडीच्या जातीवर घरटी तीन पडतात. सौभाग्यवतींची अट मात्र एकच होती : रोज अंडं हवं. तेव्हा लेकासाठी मुलगी पाहावी तशी आमची स्थळं पाहणं सुरू झालं.

पहिलं स्थळ पांढरी लेगहॉर्न. मूळ घराणं इटलीचं, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी. पण ही कमाई पिंजऱ्यातली, मोजूनमापून दिलेल्या खाद्यावरची. उकिरडा उकरून पोट भरायला लावलं तर ती एवढं कशाला मनावर घेईल? त्यातून अंगानं हलकी, स्वभावानं बुजरी. भांड्याचा आवाज झाला की कुंपणावरून थेट शेजाऱ्याच्या वांग्यात.

दुसरं स्थळ झाबुआची कडकनाथ. 2018 साली हिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पिसं काळी, कातडी काळी, हाडंसुद्धा काळपट. अंडं मात्र फिक्कट तपकिरी, तेही वर्षाला शंभराच्या आतबाहेर. एका अंड्याचा भाव ऐकला आणि ते तव्यावर फोडायचं की लॉकरात ठेवायचं, असा प्रश्न पडला.

मग वनराजा आणि गिरिराजा. पहिला हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा, दुसरा बंगळूरचा. नावं ऐकून वाटतं, हे अंडी कसली देतात, गडकिल्ले जिंकतील. हैदराबादचीच ग्रामप्रिया त्या मानानं घरेलू : तपकिरी अंडी आणि परसातल्या जगण्यातही वर्षाला दीडशेच्या वर. सौभाग्यवतींनी मान डोलावली.

एवढ्यात शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या.

"अंडे तं देईन, पन बसन का?"

इथे आमचं सगळं शास्त्र आडवं झालं. कोंबडी खुडूक झाली की अंडी घालणं बंद करते, एकवीस दिवस टोपल्यात ठाण मांडते, आणि जवळ गेलं की चोच मारते. जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना माणसानं नेमकी ही आईपणाची खोड मोडून काढली. म्हणजे जी भरपूर घालते ती बसत नाही. काकूंची गावरान वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर थांबते, पण उन्हाळ्यातही पिल्लं काढते आणि मुंगसाच्या अंगावर धावून जाते.

आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लंही दिसली. स्वस्त. नातीनं हट्ट धरला. पण ती बहुतेक लेयर जातींचे नर असतात. अंड्यांसाठी निकामी म्हणून असा रंग लावून खपवतात. त्यांच्याकडून अंड्याची वाट पाहायची तर रंग उडून जाईल, अंडं यायचं नाही.

शेवटी ठरलं ते असं : ग्रामप्रियाच्या वयात आलेल्या, मानमोडीची लस झालेल्या तलंगा घ्यायच्या आणि उबवायला काकूंची गावरान उसनी आणायची. खायच्या अंड्यांना कोंबडा लागत नाही, हे आम्ही घरी जाहीर करून खर्च वाचवलाही होता. पण पिल्लं हवीत तर तो लागतोच. म्हणजे आता वरसंशोधन.

काकू तयारच होत्या. "माह्या माहेरी हाय नं एक. दिसाले लय चांगला, तुरा पाहा कसा लालभडक. फक्त रात्री दोनले आरवते."