वलगणीला कसे जावे: शहरी पाहुण्यांसाठी प्राथमिक पाठ

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सामन मासे समुद्रातून नद्यांकडे परतू लागले की तिथल्या खाड्यांत होड्या भाड्याने मिळतात. मागे दोऱ्या सोडायच्या, होडी संथ चालवायची, वाटाड्याने 'आता' म्हटले की ओढायचे आणि मासा छातीशी धरून फोटो काढायचा. परवाना, जॅकेट, डबा, धीर, सगळे पैशांत बसते.

मासे आपल्याकडेही चढतात. पेण-रोह्याकडे मिरगाचा पाऊस लागला की तळी, डबकी, नदी सोडून मासे ओहोळांतून भातखाचरांकडे निघतात. याला वलगण म्हणतात. एवढा मोठा सोहळा दरवर्षी फुकट होतो आणि त्याची मार्गदर्शिका नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील पाठ. वाचकाकडे एक गाडी, एक रेनकोट आणि भरपूर आत्मविश्वास आहे असे गृहीत धरले आहे.

पाठ पहिला: तारीख ठरवणे

सोमवारी रजा टाकता येईल असा शनिवार-रविवार निवडावा. मासे तो पाळत नाहीत, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. मुंबईत मान्सून पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. यातली कोणतीही तारीख माशांना लेखी कळवलेली नाही. त्यांची अट साधी आहे: उन्हाळ्यात तापलेली ढेकळे विरघळून, खाचरे भरून, बांधावरून पाणी ओहोळात आणि ओहोळातून खाली वाहू लागेल इतका पाऊस. ते थंड, गढूळ, नवे पाणी खालच्या डोहात पोहोचले की अंड्यांनी भरलेल्या माद्या प्रवाहाकडे तोंड फिरवतात. वर भरलेल्या शेतात पाणी उथळ, किडामुंगी भरपूर आणि गिळायला टपलेले मोठे मासे कमी. पिल्ले वाढवायला यापेक्षा चांगली जागा नाही. अंडी टाकून मोठे मासे मागे फिरतात आणि पिल्ले पुढे पाणी ओसरताना खाली उतरतात. पॅसिफिकचा सामन अंडी घालून मरतो. आपला मासा परत येण्याच्या इराद्याने निघतो. तो इरादा पार पडला नाही, तर त्याची कारणे पाठ सातव्यात पाहावीत.

वळवाच्या सरीला भुलून निघू नये. वलगण बहुधा रात्री लागते, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची ऑफिसात मीटिंग असते. आभाळाचा अंदाज स्वतः बांधू नये. पेणमध्ये त्या दिवसांत एकाच ढगाकडे दोन प्रकारची माणसे बघत असतात: ओल्या गणपतींनी कारखाना भरलेले मूर्तिकार आणि पाग काढून बसलेले मासेवाले. एकाचा चेहरा पडला की दुसऱ्याच्या मागे लागावे.

पाठ दुसरा: प्रवास

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्यानंतर पहिलीत गेलेली मुले पदवीधर होण्याच्या वयाला आली. पेणपुढच्या वडखळपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल, हे म्हणून विचारू नये. पावसात या रस्त्याच्या खड्ड्यांत साचणाऱ्या पाण्याची खोली गाडीतून ओळखता आली, तर पाठ पाचवा सोपा जातो.

घाबरट वाचकाने दिवा-रोहा गाडी धरावी. ती पेणलाही थांबते. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. डोळा लागला आणि जाग येईपर्यंत गाडी रिकामी झालेली दिसली, तर रोहा आले असे समजावे. दुसरी कोणती गाडी धरली असेल तर गोव्यातले मासेही वाईट नसतात.

पाठ तिसरा: साहित्य

दुकानात कार्बनची काठी, चिलखती बूट, डोक्याला बांधायचा दिवा आणि लष्करी रंगाची टोपी मिळेल. हे सर्व जरूर विकत घ्यावे. बांधावरच्या मंडळींना रात्रभर जागे ठेवायला काही तरी करमणूक हवीच.

कामाच्या वस्तू अशा. पाग म्हणजे कडेला शिशाचे वजन ओवलेले फेकजाळे. ते अर्धे कोपरावर घ्यायचे, कड मुठीत धरायची, कमरेतून वळून हवेत उघडायचे आणि ते गोल होऊन पाण्यावर पडायला हवे. नवशिक्याचा पाग वाळत घातलेल्या चादरीसारखा पडतो आणि त्याखाली एकच प्राणी सापडतो, तो म्हणजे नवशिक्या. आसू म्हणजे लाकडी चौकटीला लावलेले जाळे. ते वाहत्या पाण्यात धरून उभे राहायचे. हे सोपे वाटते, कारण लेखात पाय बधिर होत नाहीत. खोईन हा बांधाच्या तोंडाशी लावायचा बांबूचा सापळा. तो रात्री लावतात आणि पहाटे काढतात. तुमचा स्वभाव याच साधनाला साजेसा आहे, पण ते विणायला येत नसेल तर उसने मागू नये.

याखेरीज टॉर्च, जाड पिशवी आणि मोबाईलसाठी प्लास्टिक. मोबाईल तरीही भिजेल. प्लास्टिकमुळे तो आतून भिजतो, एवढाच फरक.

पाठ चौथा: वाटाड्या

सामनच्या देशात वाटाड्याचे दरपत्रक असते. इथे आधी ओळख लागते. आगरी, कोळी, कातकरी यांच्यात या विषयातले खरे जाणकार आहेत. त्यांच्यापैकी कोणीही तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ठिकाण पाठवणार नाही. ज्या ओहोळाचे नाव ते सांगतील तिथे न जाणे उत्तम. त्या ओहोळात मासे असते तर नाव सांगितले नसते.

वयस्कांना बाबा, तात्या, आत्या म्हणावे. 'अंकल' म्हटल्यास मिरग संपेपर्यंत ऐकू येत नाही. गेल्या गेल्या 'आज लागेल का?' असे विचारू नये. आधी भाताची रोपे कशी आहेत, बैल विकला की ठेवला, मुलगा धाटावच्या कारखान्यात कामाला लागला का, हे विचारावे. उत्तरे ऐकावीत. मग तात्या आभाळाकडे न बघताच म्हणतील, "आज नाय." त्यावर वाद घालू नये, उपग्रहाचे चित्र दाखवू नये. मात्र मध्यरात्री तात्या डोक्यावर गोणपाट घेऊन पडवीतून निघाले, तर काहीही न विचारता मागे चालू लागावे. संपूर्ण पुस्तिकेतला एवढाच हमखास सल्ला आहे.

पाठ पाचवा: जागा

पेणचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे खारेपाट. वाशी, वढाव, दादर, रावे ही तिथली गावे. (नवी मुंबईच्या वाशीत उतरलेल्यांनी परत गाडीत बसावे.) धरमतरच्या खाडीचे खारे पाणी अडवून इथे बांधांच्या आत भातशेती होते. बांधाला उघाडी असते: ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडून पावसाचे पाणी खाडीत जाते, भरतीला खाडीच्या दाबाने ते मिटते. त्यामुळे इथे पावसाबरोबर भरती-ओहोटीचेही गणित करावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांध फुटला तर शेत खारे होते आणि चांगल्या पिकाची वाट काही वर्षे बघावी लागते. या बांधांसाठी महाराष्ट्रात १९७९ पासून खास खारभूमी विकास कायदा आहे. म्हणून पळताना बांधाची कड ढासळवू नये. मासा सुटला तर पुढच्या पावसात येतो. मोडलेला बांध गावाला घालावा लागतो.

रोह्याकडे मामला डोंगरउताराचा. तिथले ओहोळ कुंडलिकेला मिळतात आणि कुंडलिका रेवदंडा-कोर्लईदरम्यान समुद्राला. या नदीची पातळी केवळ पावसावर ठरत नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रात १९२७ पासून मुळशीचे पाणी डोंगरावरून उतरवून वीज काढतात आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेत येते. त्याच्या भरवशावर कोलाडला सकाळी रबरी होड्यांत बसून लोक पैसे देऊन किंचाळतात. तेव्हा ढग नसतानाही पाणी वाढू शकते हे ध्यानात ठेवावे, आणि मुख्य नदी सोडून लहान ओहोळच धरावा. कारखान्यांखालचे पाणी टाळावे.

पाठ सहावा: मासे ओळखणे

चिवणी: लहान, मिशाळ, पोटात गाभोळी म्हणजे अंडी. पंखाचा काटा बोटात शिरला की माणूस जातिवंत आगरी शब्द आपोआप बोलू लागतो. मळ्या, शिवडा, खवली: टॉर्चच्या उजेडात तुम्हाला सारखेच दिसतील. 'हा कोणता?' असे प्रत्येक वेळी विचारल्यास प्रत्येक वेळी वेगळे उत्तर मिळेल. मरळ: अंगाने दणकट, ओल्या गवतातून सरपटत निसटण्यात पटाईत. वाम: लांब आणि निसरडी. दिवड: हीसुद्धा लांब आणि निसरडी, मात्र मासा नव्हे. ती बिनविषारी असते, पण चावायला मागेपुढे पाहत नाही. दोन्हींतला फरक उजेडात सोपा आहे. अंधारात पाण्यात हात घालून कळतो, पण उशिरा.

पाठ सातवा: किती घ्यावेत

हा पाठ हसून वाचायचा नाही. वर निघालेली प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या पावसाळ्याचे बियाणे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण बहुतेक माशांचा विणीचा हंगाम तेव्हाच असतो. समुद्राला दोन महिने कायद्याची सुट्टी मिळते. ओहोळाला ती माणसांनीच द्यावी लागते. ओहोळ आडवा पूर्ण बांधून जाळे लावू नये, एक कड मोकळी ठेवावी. खालून येणारा पहिला थवा जाऊ द्यावा. ब्लीचिंग पावडर, विष किंवा विजेची तार घेऊन येणाऱ्यांच्या शेजारीही उभे राहू नये. पाण्यात विष टाकून मासे मारणे हा गुन्हा आहे, हे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने इंग्रजांच्या काळातच सांगून ठेवले आहे.

तरी तक्रार अशी की मासे कमी झाले. ते केवळ पागाने कमी झाले नाहीत. खाचरात भराव पडला, त्यावर कुंपण आले, 'फार्महाऊस प्लॉट, निसर्गाच्या सान्निध्यात' अशी पाटी लागली. रस्ता उंच झाला आणि खालची मोरी राहून गेली. पिकावर औषध फवारले आणि तेच पाण्यात उतरले. माशाला चढायला पाणी लागते आणि पाण्याला उतरायला वाट. ज्या प्लॉटवरून आपण वलगण बघायला आलो, तोच कदाचित पूर्वी तिचा शेवटचा टप्पा होता. नवी मुंबईच्या पाहुण्याने आणखी एक हिशोब मांडावा: त्याच्या शहराच्या काही भागांत येणारे पाणी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे असते. तेव्हा माशांच्या बाबतीत घासाघीस करू नये. आपण इथून आधीच बरेच नेत आहोत.

पाठ आठवा: जिवंत परतणे

जुलै १९८९ मध्ये आंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठण्यात जे केले, ते या भागात अजून सांगितले जाते. ओहोळाचा आवाज बदलला की जाळे टाकून वर यावे. तात्या वर निघाले तर कारण विचारत खाली थांबू नये. वीज चमकत असताना बांधावर सगळ्यांत उंच वस्तू आपण असू नये. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिस मुख्यतः पावसाळ्यात पसरतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेलो होतो हे सांगावे. लाज वाटत असेल तर 'गावाला गेलो होतो' एवढेच न सांगता पुढचेही सांगावे.

पाठ नववा: स्वयंपाक

चिवणी राखेत घोळून चिकटा काढतात आणि काटे छाटतात. गाभोळी वेगळी तळायची. बाकीचे लसूण, आगरी मसाला आणि चिंचेच्या कोळात. सोबत तांदळाची भाकरी. हे सर्व तात्यांच्या घरी आत्या करतील. तुमचे काम पाटावर बसणे आणि पाककृती न विचारणे. 'यात थोडे बटर घातले तर?' हे वाक्य उच्चारल्यास पुढच्या वर्षीचे आमंत्रण रद्द होते.

परीक्षा

पिशवीत किती मासे आले यावर गुण नाहीत. पाऊस उघडून महिने लोटल्यावर, थंडीत किंवा उन्हात, बांधाला माती घालायची असताना तात्यांचा फोन आला, तर तुम्ही उत्तीर्ण. मासे दाखवायला माणूस कोणालाही नेतो, पाटी उचलायला विश्वासातलाच लागतो. गेलात तर पुढच्या मिरगात ओहोळाचे खरे नाव कळेल.

फोन आला नाही तर नापास. अशांनी परतीच्या वाटेवर बाजारात थांबून दोन वाटे चिवणी विकत घ्यावीत, गाडीत बसण्याआधी पँटला गुडघ्यापर्यंत चिखल लावून घ्यावा आणि घरी किंमत सांगू नये.